उसने दिलेले सहा तास

९ जानेवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर झाला, त्याला कॉलेजची कामं कारण आहेत असं लिहिणार होते, पण तुला ते पटणार नाही. वाचलं, कपाटात ठेवलं, रोज कपाट उघडलं की दिसत होतं. आज बसले शेवटी.

मी बरी आहे. खोकला गेला. तू पाठीबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे दुखतेच आहे. फोन केला की तू नुसती "हो", "बरं", "बघू" करतेस, म्हणजे भावोजी शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात. तेव्हा पत्रच बरं. पत्रात तू निदान भांडतेस तरी.

भावोजींचं वाचून वाईट वाटलं. तू लिहिलंस, "माणूस सकाळी जातो, संध्याकाळी येतो, जेवतो आणि भिंतीकडे बघत बसतो. काय झालं विचारलं तर काही नाही. भाजी कशी झाली विचारलं तरी काही नाही." तीस वर्षं इथे आमच्या कॉलेजात खडक शिकवलेल्या माणसाला दुसऱ्या गावच्या कॉलेजात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांची राखण करायला बसवलं, तर तो बोलणार तरी काय? त्यांच्या दगडांची खोकी अजून उघडली नाहीत, हेही वाचलं. दोन खोल्यांत चाळीस खोकी! त्यांच्यावर चादर टाकून तू इस्त्रीचं टेबल केलंस, हे मात्र अगदी तुझं. तू भूकंपावरसुद्धा चादर टाकून काहीतरी वाळत घालशील.

आता इकडची बातमी. तो नवा अभ्यासक्रम, पर्यावरणाचा, ज्याची भावोजी इतकी वर्षं टकळी लावायचे, तो जूनपासून खरंच सुरू होतो आहे. तीन वर्षांचा, पदवीचा. आमची पाच जणांची समिती आहे. रसायनवाले, भूगोलवाले, अर्थशास्त्राचे सर (मुलं त्यांना "आकडे" म्हणतात), भाषेच्या बाई आणि वनस्पतिशास्त्राची मी. शिवाय मी समन्वयक. समन्वयक म्हणजे काय, तर सगळ्यांची चिडचिड एकाच पत्त्यावर पोचावी म्हणून ठेवलेली पेटी.

दर मंगळवारी साडेअकराला नकाशांच्या खोलीत बसतो. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याच्याखाली जुन्या प्रश्नपत्रिकांची घडी घातली आहे, आणि कोणी हिरिरीनं बोलायला लागलं की ती घडी सरकते आणि सगळ्यांचे चहाचे कप एकाच दिशेला निघतात. गेल्या मंगळवारी पाण्यावरून जुंपली. "पाणी" हे प्रकरण कोणी शिकवायचं? रसायनवाले म्हणाले, त्यात काय विरघळलंय ते आम्हीच सांगणार, तेव्हा ते आमचं. भूगोलवाले म्हणाले, ते वाहतं, म्हणून आमचं. आकडे म्हणाले, "वाहू द्या, विरघळू द्या, पण त्याला दर लागला की ते माझं." भाषेच्या बाई म्हणाल्या, "लोक त्याला काय म्हणतात ते कोणी विचारायचं की नाही? का लोकांना बोलता येत नाही?" मी म्हटलं, पाणी निदान झाडं तरी पितात, तेवढं माझ्या नावावर लावा. हसलो सगळे.

मग आकडेच म्हणाले, "पण जमिनीखालचं पाणी? ते कोण सांगणार?"

रसायनवाल्यांनी चष्मा पुसला. भूगोलवाले म्हणाले, तात्पुरतं माझ्याकडे लिहा, बघू. मी लिहिलं.

ही सगळी कल्पना मुळात भावोजींची, हे समितीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी उच्चारत नाही. तुला आठवत असेल, ते एकदा सगळ्या विभागांच्या लोकांना खाणीमागच्या ओढ्यावर फिरायला घेऊन गेले होते. "तुम्ही सगळे एकाच ओढ्याकडे बघताय आणि प्रत्येकाला फक्त आपलाच विषय दिसतोय, पोरांनी काय करायचं?" असं तेव्हा म्हणाले होते. लोक ते घरी येईपर्यंत विसरले होते. मी नव्हते विसरले.

मला आता बसायला वेगळी खोली दिली आहे. खिडकी उत्तरेला, उजेड चांगला येतो. पंखा जरा कुरकुरतो.

तू विचारलं आहेस, "तुझ्याच कॉलेजात झालं ना सगळं? त्यांचा विभाग बंद करायचं कोणाच्या डोक्यातून निघालं, तेवढं तरी शोधून काढ." ताई, ही कामं एका माणसाची नसतात. कागद फिरतो, पाच जण सह्या करतात, सहावा शिक्का मारतो, आणि कोणालाच आठवत नाही की पहिला कागद कोणाच्या टेबलावरून निघाला. तरी चौकशी करते.

पाठीला शेक दे. भावोजींना नमस्कार सांग.

तुझी,
ठमी

२७ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र आज सकाळी आलं आणि मी चहा तसाच टाकून लिहायला बसले आहे. कृपा करून प्राचार्यांना पत्र पाठवू नकोस. लिहिलं असशील तर फाडून टाक. रागावू नकोस, पण तू एकदा लिहायला बसलीस की समोरच्याच्या सात पिढ्यांची धुणी धुतेस, आणि प्राचार्य ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवतील. त्यातून भावोजींचं भलं होणार नाही. नुकसानच होईल.

"चौकशी करते म्हणजे काय करतेस?" असं तू विचारलंस. करते आहे गं. जुन्या फायली तळघरात आहेत, किल्ली हेडक्लार्ककडे, ते रजेवर. पुढच्या आठवड्यात येतील.

आणि हो, खोली तीच. तू ओळखलंसच. भावोजींचीच. मी मागितली नव्हती. विभाग बंद झाल्यावर रिकामी होती आणि नव्या अभ्यासक्रमाला जागा हवी होती. त्यांची खणांची कपाटं होती तिथे भिंतीचा रंग अजून नवा आहे, पाच उभे पट्टे, बाकी भिंत कळकट. मी तिथे कॅलेंडर लावून बघितलं, पुरलं नाही. टेबल खिडकीकडे तोंड करून लावलं आहे, म्हणजे भिंत पाठीमागे राहते.

हे राहू दे. चांगली बातमी सांगते. क्षेत्रअभ्यास, म्हणजे मुलांना बाहेर नेऊन प्रत्यक्ष दाखवायचा जो भाग, तो कसा घ्यायचा हे समितीतल्या कोणालाच येत नाही. प्रत्येक जण वर्गात वाघ आहे आणि चिखलात पाय घालायचा म्हटलं की सगळ्यांचे गुडघे दुखायला लागतात. मी सुचवलं की एक दिवस नमुना म्हणून भावोजींना बोलवू, त्यांनी आपल्याला ओढ्यावर न्यावं, आपण शिकू. प्राचार्यांनी हो म्हटलं. रीतसर पत्र त्यांच्या नावानं निघालं आहे. दहा फेब्रुवारी, सकाळी दहा.

त्यांना पाठव. नाही म्हणतील, तरी पाठव. टोपी शोधून ठेव, ती कॅनव्हासची. एकदा बाहेर पडले, हातात दगड घेतला, की बोलायला लागतील. पुढच्या वर्षी त्यांना इथे शिकवायला आणता येईल का, तेही मी बघते. मला हे करू दे. एवढं तरी मला करू दे.

घाईत आहे. बाकी पुन्हा लिहीन.

तुझी,
ठमी

१७ फेब्रुवारी

ताई,

भावोजी घरी नीट पोचले असतील. त्यांनी तुला इथल्या दिवसाबद्दल काय सांगितलं मला माहीत नाही. बहुधा "काही नाही" सांगितलं असेल. म्हणून सगळं मी सांगते. हे पत्र लांबेल.

ते पहिल्याच गाडीनं आले. टोपी होती. तू ती धुतलीस, त्यामुळे ती आकसली आहे आणि त्यांच्या डोक्यावर नुसती बसवून ठेवल्यासारखी दिसत होती. आम्ही सहा जण खाणीमागच्या पायवाटेनं खाली उतरलो. सुरुवातीला ते काहीच बोलेनात. मग ओढ्याच्या वळणावर त्यांनी वाकून एक काळा दगड उचलला, आकड्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "धरा. जड आहे?"

"आहे."

"का जड आहे ते संध्याकाळपर्यंत सांगा. तोवर खिशात ठेवा."

आकडे दिवसभर एका बाजूला कललेले चालत होते. सगळे हसत होते, भावोजीसुद्धा. ताई, ते हसत होते. मी सांगितलं नाही तर तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

तिथे एक बाई कपडे धूत होत्या. भाषेच्या बाईंनी त्यांना ओढ्याचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, "नाव कशाला? पाणी असतं तेव्हा ओढा म्हणतो, नसतं तेव्हा वाट म्हणतो." भाषेच्या बाईंनी वही काढून ते लिहून घेतलं. भूगोलवाल्यांनीही लिहून घेतलं, आणि ते माझ्या आठवणीत पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाच्या विषयातलं काही लिहून घेत होते.

त्या बाईंनीच गाऱ्हाणं सांगितलं की ओढ्याच्या या बाजूच्या विहिरी हिवाळा संपायच्या आत आटतात आणि पलीकडच्यांना वर्षभर पाणी. रसायनवाले म्हणाले, उपसा जास्त असेल. आकडे म्हणाले, पंप जास्त असतील. भावोजींनी टाचेनं माती उकरून दाखवली. खाली काळ्या दगडाचा एक पट्टा आहे, ओढ्याच्या कडेकडेनं जातो, हातभर रुंद दिसतो पण खोल गेलेला आहे. पाणी त्याला येऊन अडतं आणि पलीकडेच साठतं. "ही भिंत कोणी बांधलेली नाही," ते म्हणाले, "आणि तुम्ही कितीही अभ्यासक्रम केलेत तरी वरून दिसणार नाही. उकरावं लागतं." रसायनवाले, जे कोणाचंच ऐकत नाहीत, ते गुडघ्यावर बसून बघत होते. मला वाटलं, झालं. आता हा माणूस परत आला.

दुपारी बाकीचे झाडाखाली डबे उघडून बसले. आम्ही दोघं थोडे पुढे दगडावर बसलो होतो. मी त्यांना म्हटलं, "भावोजी, जूनपासून हे तुम्हीच शिकवा. मी प्राचार्यांशी बोलते. सध्या पाहुणे अध्यापक म्हणून. आठवड्यातून एक दिवस."

"माझ्याच विषयात पाहुणा?" ते म्हणाले. रागानं म्हणाले नाहीत. मग जे बोलले ते लिहायच्या आधी मला दुसरं एक लिहायला हवं. ते मी दोन पत्रांत लिहिलं नाही, आणि त्याआधी वर्षभर फोनवर सांगितलं नाही.

ताई, तू विचारलंस ना, कोणी केलं? मी केलं.

कसं, ते सांगते. नव्या अभ्यासक्रमाला संस्थेनं मंजुरी देताना एक अट घातली होती, नवीन शिक्षक मिळणार नाही. जुन्या विभागांनीच आपापले तास उसने द्यायचे. क्षेत्रअभ्यासासाठी आठवड्याला सहा तास हवे होते. ते दोनच विभाग देऊ शकत होते, भूगर्भशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र, म्हणजे भावोजी किंवा आम्ही. तक्ता मी करत होते. हेडक्लार्कनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, एक लक्षात ठेवा. दिलेले तास नव्या अभ्यासक्रमाच्या नावावर जातात, जुन्या विभागातून वजा होतात. एका शिक्षकाला सोळा तास लागतात. हे सहा तास जो देईल, त्याचा एक माणूस जास्तीचा ठरेल."

भावोजींच्या विभागात तास होते अठरा आणि माणूस एकच. आमच्याकडे आम्ही तिघं, तिघांना मिळून अठ्ठेचाळीस लागतात, होते पन्नास. आम्ही दिले असते तर तिघांतली सगळ्यात नवी, म्हणजे मी, जास्तीची ठरले असते. माझी बदली झाली असती. कुठे, ते संस्थेनं ठरवलं असतं.

मला ही खात्री होती की ते ज्येष्ठ आहेत, चार वर्षं राहिली आहेत, त्यांना कोणी हलवणार नाही, काहीतरी सोय करतील. असं मी स्वतःला सांगितलं. तेव्हासुद्धा ते मला पूर्ण खरं वाटत नव्हतं. खरं हे की मला माझा वर्ग, माझी ती कॉलेजमागची रोपवाटिका, माझा घरचा रस्ता, काहीच सोडायचं नव्हतं. सेहेचाळिसाव्या वर्षी एकटीनं अनोळखी गावात खोली शोधायची कल्पना सहन होत नव्हती. तू पंचावन्नाव्या वर्षी दोन खोल्यांत चाळीस खोक्यांसकट संसार मांडलास. मला माहीत होतं की मांडशील.

सहा तास मी भूगर्भशास्त्राच्या रकान्यात लिहिले. दाखल करायच्या दिवशी सकाळी तक्ता नेहमीप्रमाणे भावोजींना बेरीज तपासायला दिला. नोकरीला लागल्यापासून माझा प्रत्येक तक्ता त्यांनीच तपासला आहे, मला बेरजा येत नाहीत हे कॉलेजच्या शिपायालासुद्धा माहीत आहे. या वेळी दिला नसता तर त्यांना शंका आली असती. म्हणून दिला. ते फक्त बेरीज बघतील असं वाटलं. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला. मग पेन्सिलीनं खाली बरोबरची खूण केली, म्हणाले, "बेरीज बरोबर आहे," आणि कागद परत दिला. मी तो नेऊन दिला. दोन महिन्यांनी विभाग बंद झाल्याचं पत्र आलं.

दहा तारखेला, त्या दगडावर बसून, ते मला काय म्हणाले ते आता लिहिते. शब्द तेच आहेत, मी विसरणार नाही.

"ठमे, बेरीज माझी दोन मिनिटांत झाली होती त्या दिवशी. तू काही बोलशील म्हणून कागद धरून बसलो होतो."

मग मी विचारलं, तुम्हीच का नाही बोललात?

"मी बोललो असतो तर तुला कबूल करायला लावल्यासारखं झालं असतं. तू नुसतं विचारलं असतंस तर मी दिले असते सहाच्या सहा. माझी चार वर्षं राहिली होती, तुझी चौदा. हिशोब काही अवघड नव्हता. विचारायला हवं होतंस."

मी रडले. ते थांबले. मग मी विचारलं की ताईला माहीत आहे का.

"नाही. आणि कळणारही नाही. ती रोज तेच विचारते, कोणी केलं, कोणी केलं. तिच्याशी मी तीस वर्षांत खोटं बोललेलो नाही, मला जमतच नाही. दुसऱ्या कोणाचं नाव सांगता येत नाही, तुझं सांगवत नाही. म्हणून मी सरसकट बोलणंच सोडून दिलं. भाजीबद्दल बोललो की तिकडून ती तिथेच येते. गप्प राहिलं की निभतं." आणि मग म्हणाले, "तूही सांगू नकोस. माहेरचं म्हणून तिला तू एकटीच आहेस."

एवढं झाल्यावर उठले, पँट झटकली आणि आकड्यांना जाऊन विचारलं, "काय सर, जड का ते कळलं?" नेहमीसारख्या आवाजात.

तर ताई, त्यांना खडकांचं दुःख आहेच, पण त्यांची वाचा गेली ती खडकांमुळे गेली नाही. तुझ्यामाझ्यामध्ये काही येऊ नये म्हणून एक माणूस वर्षभर स्वतःच्या घरात मुका बसला आहे. तू रोज त्याला हलवते आहेस, कधी प्रेमानं, कधी वैतागून, आणि तो भिंतीकडे बघतो आहे. आणि मी इथे त्याच्या खोलीत बसून तुला लिहीत होते की चौकशी करते.

त्यांचं ऐकून गप्प राहायचं, असं मी पाच दिवस ठरवत होते. मला ते फारच सोयीचं होतं. त्यांनीच सांगितलंय ना, मग झालं. शनिवारी वर्गात मुलांना मुळांबद्दल शिकवत होते आणि मधेच मला ऐकू आलं की मी काय बोलते आहे ते मलाच कळत नाही. मुलं बघत राहिली. तेव्हा ठरलं.

सोमवारी प्राचार्यांकडे जाऊन मी सगळं सांगितलं, लेखी दिलं, सहीसकट. सहा तास आमच्या विभागातून घ्या, माझी बदली करा, त्यांना परत आणा असं लिहिलं. त्यांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, तुमच्या मनाचा मोठेपणा समजला. पण रद्द झालेलं पद परत येत नाही. तुम्ही जाल, ते येणार नाहीत, आणि मला दोघांविना अभ्यासक्रम चालवावा लागेल. हे पत्र मी घेतलंच नाही असं समजा." कागद माझ्याकडे सरकवला. मी तो परत त्यांच्याकडे सरकवला. तिसऱ्यांदा त्यांनी शिपायाला हाक मारून चहा मागवला, त्यावरून समजले की भेट संपली.

म्हणजे, ताई, मी काही परत मिळवून देऊ शकत नाही. खोटी आशा दाखवून मी दोनदा वेळ मारून नेली, तिसऱ्यांदा नेत नाही. जास्तीत जास्त पाहुणे अध्यापक, आठवड्याला एक दिवस. त्याला ते हो म्हणतील का, मला माहीत नाही. जूनमध्ये वर्ग सुरू होतील. पोरं येतील, चांगला अभ्यासक्रम आहे, खरंच चांगला झाला आहे, आणि त्यातलं जे चांगलं आहे ते सगळं त्यांचं आहे. पहिल्या पानावर त्यांचं नाव घालावं असं मी समितीत म्हटलं. कोणी नाही म्हटलं नाही. एवढंच हातात आहे आणि ते किती थोडं आहे हे मला कळतं.

आता एक मागते. मागायचा हक्क उरला आहे की नाही, ते न बघता मागते. हे पत्र त्यांच्यासमोर वाच, मोठ्यानं, पहिल्यापासून. त्यांनी मधेच उठून जायचा प्रयत्न केला तर जाऊ देऊ नकोस. ते माझ्यावर चिडतील, शब्द मोडला म्हणून. चिडू दे. तू माझ्यावर चिडशील, ती वेगळ्या कारणानं. दोघं मिळून मला हवं ते बोला, पण दोघं बोला. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर नको बघूस. त्यांचं मात्र बघ. त्या माणसानं तुझ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून बोलणंच टाकलं होतं. आता त्याला तसं राहायचं काही कारण उरलं नाही.

तुझं उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन, असं लिहिलं होतं, ते आत्ताच खोडलं. समजून घेणार नाही. रोज पेटी उघडून बघीन.

तुम्हा दोघांना नमस्कार. त्यांनी मला माफ करून माझा नमस्कार तेव्हाच घेतला होता, कागद हातात धरून बसले होते तेव्हा, आणि मला कळलं नव्हतं. तू घेशील की नाही, मला माहीत नाही.

ठमी